तोंडपाठ झालेले हात

केळझरच्या गणपतीच्या टेकडीखाली वच्छलाबाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, मनोहररावांचं. पण मनोहररावांचा दुकानाशी संबंध सकाळी उदबत्ती लावण्यापुरता आणि दुपारी तिथेच डुलकी काढण्यापुरता. बांगडी भरायची ती वच्छलाबाईंनीच. लग्न होऊन कासाराच्या घरात आल्या, सासूच्या शेजारी बैठकीवर बसल्या, त्या आता साठीला टेकल्या तरी तिथेच आहेत.

या बाईंची एक गंमत होती. त्यांना माणसाचं तोंड लक्षात राहत नसे. सेलूच्या बाजारात कुणी "काय मावशी, बऱ्या हाय का?" म्हणून हाक मारली, की त्या भांबावल्यासारख्या बघत राहायच्या. मग त्या बाईनं भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली की वच्छलाबाईंचा चेहरा एकदम फुलायचा. "अवं, तू तं वाकड्या करंगळीची!" आता भर बाजारात वाकड्या करंगळीची म्हटलेलं कुणाला आवडेल? पण त्यांचं कुणी मनावर घेत नसे. एकदा धरलेला हात त्या विसरत नाहीत याचं सगळ्या पंचक्रोशीला कौतुक होतं, आणि सर्वांत जास्त कौतुक त्यांचं त्यांनाच होतं.

नंबर त्यांनी कधी विचारला नाही. दोन-चार, दोन-सहा, हे दुकानदारांचं बोलणं, कासारणीचं नव्हे, असं त्यांचं मत. बाईला समोर पाटावर बसवायचं, तिचा हात आपल्या हातात घ्यायचा, चारही बोटं जुळवायची, अंगठ्याचा सांधा हलकेच तळव्यात दाबायचा आणि बांगडी सरकवायची. काचेची बांगडी अडते ती त्या सांध्यापाशी. हात घट्ट धरला की संपलंच. म्हणून बांगडी सांध्यापाशी आली की वच्छलाबाई बोलायला लागायच्या. तेही वाटेल ते नाही. "सासू कशी हाय?" असं चुकूनही विचारायचं नाही, कारण तो प्रश्न ऐकला की शंभरातल्या नव्वद बायकांचा हात लाकडासारखा होतो. विचारायचं ते एकच, "आज काय केलं वं खायले?" बाई वांग्याच्या भाजीचं सांगायला लागते, हात सैल पडतो आणि बांगडी पलीकडे.

हे सगळं त्या शिकल्या ते पंचफुलाच्या हातावर. पंचफुला रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्यांची सून. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या. सासू घरात नसताना वच्छलाबाईंनी पहिल्यांदा एकटीनं भरला तो पंचफुलाचा हात, आणि त्या नादात तीन बांगड्या वाढवल्या. कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नव्या नवरीच्या तीन बांगड्या वाढल्यावर दुसरी कुणी असती तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. पंचफुला म्हणाली, "भर दुसऱ्या. मी कोणाले नाई सांगत." तेव्हापासून दोघींचं गूळपीठ. दर संक्रांतीला पंचफुलानं हात घेऊन यायचं, सोबत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, घसघशीत जुडी आणायची. तिच्या उशिरा झालेल्या लेकीच्या, जयाच्या, बारशाला इवल्याशा काळ्या बांगड्या वच्छलाबाईंनीच घातल्या. जया वाढत गेली तशी बांगड्यांची मापंही मोठी करत नेली ती त्यांनीच.

मग ती साथ आली आणि सगळं बंद झालं. टेकडीवरच्या गणपतीलाच कुलूप लागलं, तिथे त्याच्या पायाशी बसलेल्या बांगड्यांना कोण विचारतो! किराणा उघडा, औषधं उघडी, बांगड्या मात्र गरजेच्या वस्तूंत बसेनात. वच्छलाबाईंना याचा भयंकर राग आला. ग्रामपंचायतीचा शिपाई समोरून चालला होता, त्याला त्यांनी दारातूनच गाठलं.

"लग्नाले परवानगी हाय म्हणता ना? मंग नवरी काय भुंड्या हातानं उभी राहीन?"

"मावशी, कायदा मी केला का?" तो बिचारा मास्कमधून पुटपुटला आणि चालता झाला.

त्या दिवसांत सगळ्या गावाची तोंडं झाकलेली. ओळखीचा माणूस ओळखू येईना. वच्छलाबाईंचं मात्र काही अडलं नाही. त्या कुठे तोंडं बघत होत्या? पण नुसते हात दुरून बघून काय करायचं! कुणाच्या हाताला हात लावायचा नाही, असा तो काळ. ज्या बाईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे हात हातात घेण्यात गेलं तिच्यावर ही पाळी यावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यात वाट काढली ती सुनेनं. सपना चटपटीत पोरगी. तिनं बांगड्यांचे फोटो काढून मोबाईलवर बायकांना पाठवायला सुरुवात केली. ज्यांना हव्या त्यांनी कळवायचं, पुडकं तयार ठेवायचं, त्यांनी दारातून उचलून न्यायचं.

"पण आई, नंबर इचारा लागते," सपना म्हणाली.

"हाताले कायचा नंबर वं? हात काय फटफटी हाय?" वच्छलाबाई कडाडल्या. "नाव सांग फक्त."

आणि खरोखर, नाव सांगितलं की त्या क्षणभर डोळे मिटत, बोटं हवेत जराशी जुळवत आणि बरोबर मापाच्या बांगड्या काढून देत. एकही पुडकं परत आलं नाही. सपनानं तोंडात बोट घातलं, मनोहररावांनी डुलकी मोडून कौतुक केलं आणि वच्छलाबाई आणखीच हवेत गेल्या.

दुसरी लाट आली तो मे महिना कुणी आठवू नये असा होता. गल्लीतून दवाखान्याची गाडी गेली की लोक आधी दार लावून घ्यायचे आणि मग कुणाकडे गेली ते विचारायचे. त्याच महिन्यात जयाचं लग्न निघालं. पंचवीस माणसं, दोन तास, याच्यावर परवानगी नाही. पंचफुलाचा फोन आला.

"येशीन ना वं वच्छला, चुडा भराले?"

मनोहररावांना दमा. आदल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतले दोघं गेलेले. वच्छलाबाई मनातून घाबरल्या होत्या. पण मी घाबरते, असं सरळ म्हणतील तर त्या वच्छलाबाई कसल्या! त्या तोऱ्यात म्हणाल्या, "मी येऊन काय करू? जयाचा हात तं मले तोंडपाठ हाय. पुडकं पाठवते, कोणीबी चढवून देईन."

पंचफुलानं फोनवर ते ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाली.

चूक झाली ती इथे. वच्छलाबाईंना पाठ होता तो जयाचा कॉलेजात जाणारा हात, मऊ, निमुळता, वही-पेनाची सवय असलेला. पण कॉलेज बंद होऊन वर्ष उलटलं होतं. मजूर मिळेना म्हणून पोरगी आईबरोबर भाजीच्या वाडीत उतरली होती. निंदण केलं, भेंडी तोडली, पाण्याचे पाईप ओढले. बोटांचे सांधे जाड झाले, तळवा रुंदावला. हे वच्छलाबाईंना कोण सांगणार? आणि कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं का, हा प्रश्नच आहे.

लग्नाच्या सकाळी हिरव्या बांगड्या जयाच्या सांध्याच्या पुढे जाईनात. तिची काकू कोकिळा चुडा चढवायला बसलेली. कोकिळाबाईंचं सगळं काम जोरात. साबण लावला, रेटलं. कडकड करत बांगड्या गेल्या आणि हळदीच्या हातावर रक्ताची धार आली. दुसऱ्या आणायच्या तर दुकानं बंद, मुहूर्ताला अर्धा तास उरलेला. शेवटी कोकिळाबाईंच्या मुलीच्या प्लॅस्टिकच्या बांगड्या घालून पोरगी बोहल्यावर उभी राहिली.

ही हकीकत कोकिळाबाईंनी गावभर केली, तीही तिखटमीठ लावून. "वच्छलानं पाठवलेल्या बांगड्या फुटल्या." चक्क फुटल्या म्हणाल्या, वाढल्या नाही. पंचफुला मात्र एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर वच्छलाबाईंना सोपं गेलं असतं. ती नुसती यायची थांबली.

पुढे एकेक करून सगळं उघडलं. आधी अर्धा दिवस दुकानं, मग पूर्ण दिवस. नवरात्रात देवळं उघडली आणि टेकडीच्या पायऱ्यांवर पुन्हा चपलांचे ढीग दिसू लागले. वच्छलाबाईंनी बैठकीवरची गादी उन्हात घातली, पाट धुतला, सॅनिटायझरची बाटली समोर ठेवली आणि वाट पाहत बसल्या. बायका आल्या, पण पाटावर बसेनात. उभ्याउभ्याच म्हणायच्या, "ते लटकवलेले सेट द्या मावशी, दोन-सहा. घरी घालतो." संक्रांत आली. पंचफुला दुकानासमोरूनच गेली. तिच्या हातात सेलूहून घेतलेल्या धातूच्या बांगड्या होत्या. वच्छलाबाईंनी त्या लांबूनच पाहिल्या.

त्याच सुमारास एक दिवस सपना डबे लावत होती. एक नवी नवरी आली, काचेच्या बांगड्या मागू लागली, आपण होऊन पाटावर बसली आणि हात पुढे केला. वच्छलाबाईंनी तो हात धरला नाही. त्या म्हणाल्या, "नंबर काय वं तुहा?"

सपनाच्या हातातला डबा पडता पडता राहिला. सासूच्या तोंडून हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. सासूचं काहीतरी मोडलंय, हे तिला तेव्हा कळलं. रात्री तिनं नवऱ्याला सांगितलंही. पण पियुषचं गणित वेगळं होतं. पोरगा वाईट नाही, आईवर जीव आहे. पण त्याला दिसत होती ती रिकामी बैठक. ती काढायची, तिथे काचेचा काउंटर टाकायचा, मोबाईलची कव्हरं आणि हेडफोन ठेवायचे. बांगड्या भिंतीवर लटकत राहतीलच की.

पाडव्याला सगळेच निर्बंध उठले. मास्क लावायचा तर लावा, नाहीतर नका लावू. टेकडीवर माणूस मावत नव्हता. दुकानापुढे नागपूर-वर्ध्याच्या गाड्या उभ्या होत्या. पोरं कितीतरी दिवसांनी तोंड उघडं टाकून आइसकांड्या चोखत होती. आणि नेमक्या त्याच दिवशी पियुष सुताराला घेऊन आला.

"आई, माप घेऊ देऊ का?"

वच्छलाबाईंनी बैठकीवरून हात फिरवला. "काढ बापा. कोण बसते आता इथं."

असं म्हणतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. मनोहररावसुद्धा पूर्ण जागे झाले. पियुषलाच कसंसं झालं. तेवढ्यात आतून सपना पुढे आली.

"आठ दिवस थांबा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग सासूकडे वळली. "आई, जया आली हाय माहेरी. सातवा लागला तिले. शनिवारी डोहाळजेवण हाय. आपल्याले बोलावणं नाई."

"नसन. काऊन राहीन?"

"डोहाळजेवणाले हिरवा चुडा भरतेत ना, आई?"

वच्छलाबाई उगाच बैठकीवरची गादी झटकू लागल्या. पण सातव्या महिन्यात बाईचा हात कसा होतो ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? सकाळी एक माप, संध्याकाळी दुसरं. त्या हाताला पाठांतर चालत नाही आणि नंबरही चालत नाही. तिथे बसून हात हातातच घ्यावा लागतो. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. ती पोरगी पुन्हा रक्तबंबाळ झाली तर, हा एकच विचार. आणि आपण गेलो नि पंचफुलानं दारातून परत पाठवलं तर, हा दुसरा. दुसरा जास्त छळत होता.

शुक्रवारी उन्हं कलल्यावर त्या उठल्या आणि रस्ता ओलांडून पंचफुलाच्या वाडीत गेल्या. डबा नाही, पिशवी नाही. पंचफुला बांधावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. तिनं वर पाहिलं, पण हात थांबवले नाहीत.

"बांगड्या विकाले आली का?"

"रिकाम्या हातानं आली. पाह्य."

"मंग कायले आली?"

"जयाचा हात पाहाले."

पंचफुलानं हातातली जुडी टोपलीत आपटली. "आता पाहाले आली? तवा तं तुले तोंडपाठ होता!"

"चुकलं माह्यं, पंचफुला. हात बदलला असन, हे ध्यानातच नाई आलं. बांगड्या लहान धाडल्या मी."

"बांगड्याचं कोण म्हणते तुले!" पंचफुला ताडकन उठली. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं आता वर आलं. "काच हाय, वाढते. माह्या नव्या हाताच्या तीन वाढवल्या तू, बोलली का मी कधी? अवं, पंचवीस माणसं होती मले. पंचवीस! सख्खा मामा गाळला मी. जयाच्या मैत्रिणी गाळल्या, त्या रडल्या. तुह्यं नाव नाई गाळलं. आन् तू पुडकं धाडलं! तुह्या जागी कोणाले बोलावलं बी नाई मी. चोवीस माणसात लागलं माह्या पोरीचं लगन."

वच्छलाबाईंनी टोपलीत विस्कटलेली जुडी उचलून नीट केली. वर्षभर त्या मनात बांगड्यांचं माप मोजत बसल्या होत्या. माप चुकलं याचं दुःख करत होत्या. आणि इथे दुखत होतं ते भलतंच.

"उद्या येऊ का?" शेवटी त्यांनी एवढंच विचारलं.

"मी कोण सांगणारी? हात जयाचा हाय. ती गेली हाय सेलूले, दवाखान्यात. आन् कोकिळानं वर्ध्याहून डबाबंद सेट आणला नंबर पाहून. तुह्यासाठी कोणी अडून नाई बसलं."

वच्छलाबाई वळल्या. बांधाच्या टोकापर्यंत गेल्या असतील नसतील, मागून आवाज आला, पहिल्यासारखाच रागीट.

"यायचं असन तं सगळे नंबर घेऊन येजो. हात लय सुजले हाय तिचे."

वच्छलाबाई मागे न बघता चालत राहिल्या, कारण डोळे भरले होते आणि ते पंचफुलाला दाखवायचे नव्हते.

शनिवारी पंचफुलाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन वर्षांत एवढ्या बायका एका ठिकाणी पाहिल्या नव्हत्या कुणी. कुणी मोजत नव्हतं, कुणी अंतर ठेवा म्हणत नव्हतं, एकीच्या मांडीवर दुसरीचं पोर रडत होतं आणि सगळ्या एकदमच बोलत होत्या. तो गलका ऐकूनच माणसाचं पोट भरावं. मधोमध जया, हिरवं लुगडं नेसून, वेणीत मोगरा.

वच्छलाबाई आणि डबा घेतलेली सपना दारातून आत आल्या, तसा गलका जरासा उतरला. वच्छलाबाई सरळ नळापाशी गेल्या आणि सगळ्यांच्या देखत साबणानं हात धुतले. ही सवय त्या दोन वर्षांची, ती काही आता जाणार नव्हती. कोकिळाबाई पुठ्ठ्याचा चकचकीत डबा छातीशी धरून उभ्या होत्या.

"आम्ही आणले हाय," त्या म्हणाल्या. "नंबर पाहून."

वच्छलाबाईंनी पदराला हात पुसले. त्या जयासमोर जाऊन खाली बसल्या. "जया, हात देशीन का मले?"

जयानं आईकडे पाहिलं. पंचफुला पुऱ्यांच्या कढईपाशी उभी होती, ती झाऱ्यानं तेल ढवळत राहिली. मग जयानं डावा हात पुढे केला.

वच्छलाबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याच्या सांध्यावर एक बारीक पांढरी रेघ होती, काच लागल्याची. तळव्याला घट्टे. बोटं सुजून टम्म झालेली. हा हात त्यांना पाठ नव्हता. बारशाच्या काळ्या बांगड्या घातल्या होत्या तो हा हात नव्हे, कॉलेजातला तर नव्हेच. त्यांनी तो उलटून पाहिला, सुलटून पाहिला, एकेक सांधा चाचपला. अंगणातल्या बायका बघत होत्या. वच्छलाबाईंना हात इतका वेळ लावून पाहताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"या हाताची आन् माही ओळख नाई वं," त्या म्हणाल्या. "जरा पाहू दे."

त्यांनी डब्यातून एक बांगडी काढली, परत ठेवली, दुसरी काढली. सपनानं पाहिलं, सासूनं नंबर विचारला नाही आणि डोळेही मिटले नाहीत. बांगडी बोटांवरून गेली आणि सांध्यापाशी अडली.

"आज काय केलं वं खायले?" वच्छलाबाईंनी सवयीनं विचारलं.

समोरच्या कढईत पुऱ्या फुगत होत्या. बायका खो खो हसल्या. जयाही हसली, पण तिचा हात सैल पडला नाही. तोंड हसत होतं, आणि हात मात्र पुढे काय होणार याची वाट बघत आवळून धरलेला. त्या हाताला मागचं सगळं आठवत होतं. आणखी थोडं दाबलं असतं तर बांगडी गेली असती, पलीकडे तरी किंवा तुकड्यांत तरी. वच्छलाबाईंनी दाबलं नाही. त्या थांबल्या.

"जया," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुह्या लग्नाले मी काऊन नाई आली, माहीत हाय का? हात तोंडपाठ होता म्हणून नाई. मी भेलती, घाबरली होती. घरी तुह्या काकाले दमा, गल्लीतली माणसं मरून राह्यली होती... लय भेलती मी. आन् भेलती म्हणाची लाज वाटली. म्हणून तोरा केला. माही चूक झाली, बाई."

जयानं सांध्यावरच्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, मी बी लय भेलती त्या दिवशी. कोणाले सांगतलं नाई."

आणि हे म्हणता म्हणता बांगडी सांध्यावरून कधी सरकली ते तिलाही कळलं नाही. पहिली गेली, मागून दुसरी गेली, तिसरी गेली. सगळ्या अंगणानं एकदम श्वास सोडला. कोकिळाबाईंनी आपला डबा हळूच खाटेखाली सरकवला. तेवढी समज त्यांच्याकडे होती हे मान्य करायला हवं.

दोन्ही हात भरून झाल्यावर वच्छलाबाईंनी आपल्या पदरची एकेक बांगडी वर चढवली, आशीर्वादाची. कासारणीच्या हातून चुडा भरला की ती तशी मिळतेच. पुडक्यात ती मिळत नाही. जया वाकून नमस्कार करायला गेली, तिला वाकवेना. वच्छलाबाईंनी तिला तशीच जवळ घेतली आणि मनसोक्त रडून घेतलं. आता कुणापासून लपवायचं होतं?

त्यानंतर कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही, तरी एकेक बाई येऊन समोर बसायला लागली. कुणाची वाकडी करंगळी, कुणाचं जळालेलं बोट. वच्छलाबाईंना एकटीला आवरेना तशी सपनाही पदर खोचून बसली आणि भरू लागली. मधेच तिनं नवऱ्याला फोन लावला. "सुताराले नका बोलावू. आन् तो मोठा डबा घेऊन या लवकर, हिरव्या संपल्या."

जेवणं उरकली, अंगण रिकामं होत आलं, तेव्हा पंचफुला हात पुसत आली आणि समोर टेकली. सेलूच्या धातूच्या बांगड्या तिनं एकेक करून काढल्या, बाजूला ठेवल्या आणि हात पुढे केला. पुऱ्या लाटून पीठ लागलेला, सांबाराचा वास येणारा तो हात. वच्छलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं भरलेला. तो धरताच त्यांचा चेहरा फुलला आणि त्या सवयीनं म्हणाल्या, "तुहा हात तं मले..."

"गप!" पंचफुलानं हात झटक्यानं ओढला, आणि मग तोच पुन्हा त्यांच्या हातात दिला. "पाठ-बिठ करू नको आता. येत जाजो."